रक्त गाळायला मलमल का चालत नाही?

उभी हयात कापडाच्या तिजारतीत गेल्यामुळे 'गाळणे' म्हटले की आम्हाला आधी मलमल आठवते. रक्तापुढे मात्र मलमल हरते. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड, तर तांबडी पेशी जेमतेम ७-८ मायक्रॉनची. तंतूहून माल बारीक, तिथे वीण काय अडवणार?

रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर द्रव. कितीतरी तपासण्या याच्यावरच होतात. तो वेगळा करायला प्रयोगशाळेत रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवतात. कडेगावात घेतलेले रक्त विट्याला किंवा कराडला पोहोचेपर्यंत तसेच राहिले, तर पेशी त्यातली साखर खात राहतात; तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. मधुमेह असलेल्याला 'साखर ठीक' असा कागद हाती पडू शकतो. साखर टिकवणारे औषध घातलेली नळी मिळते, पण पहिल्या तास-दोन तासांत तिचाही पुरता उपयोग होत नाही.

म्हणून थेंबभर रक्त जागीच निवळणाऱ्या छोट्या चकतीवर जगभर काम चालू आहे. पहिला मार्ग सूक्ष्म छिद्रांच्या चाळणीचा. पण तांबडी पेशी मऊ असते. दबून लहान छिद्रातून निसटते, नाहीतर तोंडाशी साचून चाळण तुंबवते. जोर लावला तर फुटते, प्लाझ्मा लाल होतो आणि पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. अमित अग्रवाल यांच्या गटाने २०१३ मध्ये चाळण टाळून टी आकाराच्या बारीक नळ्यांची रचना मांडली. पाटात पाचट मधल्या धारेने जाते, तशा पेशी मध्यभागी राहतात. कडेचा निवळ थर अरुंद फाट्यात शिरतो. आम्हाला हीच युक्ती जास्त पटते.

कापडवाल्यांनीही निराश होऊ नये. बंगळूरच्या आचिरा लॅब्सने २०११ मध्ये रसायन लावलेले रेशमी धागे हातमागावर विणून तपासणीच्या पट्ट्या केल्या होत्या.

आमच्या कारागिरांना वाव दिसतो तो साच्यांत. अशा नळ्या बहुधा साच्यावर सिलिकॉन रबर किंवा प्लास्टिक ओतून घडवतात, आणि डायच्या कामात आपले हात कुठे कमी नाहीत. मात्र तयार वस्तू विकायला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे परवाना लागतो. ऑर्डर घेऊन कोणी दारात आले, तर आगाऊ रकमेआधी त्याचा परवाना पाहावा.