तलाठ्याचं काम जीडीपीत कुठे दिसतं?

सातवा वेतन आयोग महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना २०१९च्या जानेवारीत मिळाला, तोही १ जानेवारी २०१६ पासून गृहीत धरून. त्या महिन्यात तलाठ्याच्या दप्तरात एकही फेरफार जास्त झाला नाही, की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर एकही मूल वाढलं नाही. तरी हिशेबात सरकारी कामाचं मोल वाढलं. यात कोणाची लबाडी नाही. मोजायची रीतच तशी आहे. सरकारी नोकर अर्थव्यवस्थेत भर घालतात की नुसता पगार खातात, हा वाद घालण्याआधी ही रीत समजून घ्यायला हवी.

साबणाच्या कारखान्याचं सोपं असतं. विक्रीतून कच्चा माल, वीज, वाहतूक वजा केली की उरते ती मूल्याची भर. त्यातून मजुरी जाते, झीज भरून निघते, उरेल तो मालकाचा नफा. एसटीचा हिशेबही याच जातीचा, कारण कंडक्टर तिकीट फाडतो. मालक सरकार असलं तरी सेवेला भाव आहे, म्हणून एसटी वाहतूक क्षेत्रात मोजली जाते.

तलाठी, पोलीस शिपाई, झेडपीचे गुरुजी यांच्या कामाला बाजारभाव नाही. चोरी न झालेल्या रात्रीची किंमत कोण लावणार? मग हिशेबनीस उलट्या बाजूने जातात. काम करायला जेवढा खर्च आला, तेवढीच कामाची किंमत. कागद आणि वीज दुसऱ्या कोणाचं उत्पादन असल्याने ती वगळायची. उरतात पगार आणि इमारत-यंत्रांची झीज. हीच सरकारची मूल्यभर. नफा शून्य धरतात. ही पद्धत भारताची एकट्याची नाही, जगभर रूढ आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपयेही सरकारी तिजोरीतूनच जातात, पण ते उत्पादनात धरत नाहीत. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला तो पैसा आहे. बहिणीने त्यातून किराणा घेतला की तो खरेदीच्या बाजूने आकड्यांत येतो. गुरुजींचा पगार मात्र शिकवण्याच्या कामाचा मोबदला, म्हणून थेट धरला जातो.

या रितीतून काही चमत्कारिक गोष्टी निघतात. कामचुकार कारकून आणि रात्री आठपर्यंत बसून फायली हातावेगळ्या करणारा कारकून एकाच वेतनश्रेणीत असतील, तर दोघांची ‘भर’ सारखीच. अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, मानधन मिळतं. ते तुटपुंजं, म्हणून तिच्या कामाचं मोलही तुटपुंजं. पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणासाठी मुलं गोळा करणं या सगळ्याला हिशेबात तिच्या मानधनाइतकीच किंमत. मला तरी यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

आणि भर म्हणजे वाढ नव्हे. कर्मचारी तेवढेच राहिले आणि पगार फक्त महागाईइतका वाढला, तर सरकारी कामाचा वाटा उत्पन्नात कायम दिसेल, पण वाढीच्या दरात त्याचा हातभार शून्य. तलाठ्याने तेच काम निम्म्या वेळात केलं तरी शून्यच. मग ती बचत जाते कुठे?

एक फेरफार पाहू. शेतकऱ्याने दीड एकर घेतली, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला. तिथून सूचना तलाठ्याकडे येते. तो फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नमुना ९ची नोटीस काढतो आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, तेव्हा कुठे सातबारावर नवं नाव चढतं. नाव नसलेल्या सातबाऱ्यावर बँक किंवा सोसायटी त्या जमिनीसाठी पीककर्ज देत नाही. बोजा चढवायचा कशावर? नोंद मे महिन्यात झाली तर खरिपाचं बियाणं वेळेवर येतं. जुलैपर्यंत लोंबकळली तर माणूस सावकाराचं दार ठोठावतो किंवा पेराच चुकतो. तलाठ्याचा पगार दोन्ही वेळा तेवढाच. फरक पडतो तो शेतीच्या, बँकेच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या रकान्यात. सरकारी कामाचा खरा हातभार असा दुसऱ्यांच्या नावावर जमा होतो, आणि दिरंगाईचं नुकसानही दुसऱ्यांच्याच नावावर. शिक्षकाच्या बाबतीत हेच व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात.

ब्रिटनने यातून वाट काढायचा प्रयत्न केला. तिथे १९९८ पासून शिक्षण, आरोग्य अशा सेवा खर्चावरून न मोजता शिकलेले विद्यार्थी, झालेले उपचार यांवरून मोजायला सुरुवात झाली, आणि २००५ साली अर्थतज्ज्ञ टोनी अॅटकिन्सन यांच्या अहवालाने त्या पद्धतीला शिस्त आणली. परिणाम २०२० मध्ये दिसला. कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा शिक्षकांचा पगार चालू असूनही शिक्षणाचं उत्पादन घसरलेलं दिसलं, आणि इतर देशांच्या शेजारी ब्रिटनचा जीडीपी जास्तच आपटल्यासारखा वाटला. खर्चावरून मोजणाऱ्या देशात कुलूपबंद सरकारी शाळेचं उत्पादन पगाराइतकं भरतच राहतं.

पैसा कुठून येतो हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्राच्या महसुली जमेतला निम्म्याहून जास्त भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत जातो. त्यातला बहुतेक पैसा कोणीतरी कर म्हणून भरलेला असतो, आणि तो कालव्यावर किंवा रस्त्यावरही खर्च होऊ शकला असता. म्हणून ‘पगार दिला, तो बाजारात खर्च झाला, म्हणजे वाढ झाली’ हा युक्तिवाद लंगडा आहे. पण पगार वाचवला म्हणजे वाढ झाली, हेही खरं नाही. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. त्या जागा रिकाम्या होत्या तोवर शेजारच्या सज्जाचा तलाठी अतिरिक्त कार्यभार सांभाळत होता. एका जागेच्या पगाराइतका आकडा हिशेबातून गळला, तो दिसतो. दोन गावांच्या फेरफारांना त्या काळात किती उशीर झाला, त्यासाठी मात्र हिशेबात रकाना नाही.