भरतीचे मैदान आणि घामाचे गणित

पोलीस भरतीची जाहिरात आली की कल्याण, शहापूर, मुरबाड भागांत पहाटे धावणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते. बारावी झालेले आपले अनेक विद्यार्थी त्यांत असतात. उंची, छाती, धावण्याची वेळ यांची चौकशी सगळेच करतात. पाणी, मीठ, जेवण आणि कोरडे कपडे यांची चौकशी क्वचितच होते.

ती का व्हायला हवी? २०१४ च्या जूनमध्ये मुंबई पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही उमेदवारांचे मृत्यू झाले. २०२४ च्या जूनमध्ये अंबरनाथजवळ बाळेगाव येथे राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत एवढेच अंतर धावताना एका तरुणाला प्राण गमवावे लागले. अशा मृत्यूंची कारणे अनेक असू शकतात. हृदयातला लपलेला दोषही त्यांपैकी एक. परंतु शरीरात साठणारी उष्णता हे असे कारण आहे, की ते बऱ्याच अंशी टाळता येते. म्हणून ते समजून घेऊ या.

उष्णता किती निर्माण होते?

सपाट जमिनीवर धावताना दर किलोग्रॅम वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलो वजनाचा तरुण ५ किलोमीटर धावला तर खर्च ३०० किलोकॅलरी. यातली सुमारे ८० टक्के, म्हणजे २४० किलोकॅलरी, उष्णता होते. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तापमान २४० भागिले ५०, म्हणजे जवळजवळ ५ अंशांनी वाढेल आणि ३७ चे ४२ होईल. ४० अंशांच्या वर गेल्यावर मेंदूचे काम बिघडू लागते.

हे होऊ नये म्हणून शरीर घाम गाळते. १ लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे वरच्या धावकाला अर्ध्या लिटरपेक्षाही कमी घाम पुरेल. अट एकच : घाम त्वचेवरून वाळला पाहिजे. टपकून जमिनीवर पडलेला घाम शरीर थंड करत नाही.

जालन्याचा उन्हाळा, ठाण्याचा उकाडा

जालन्यात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंश दाखवील. खाडीकाठच्या ठाण्यात तापमान ३४ अंशच, पण आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तोच तापमापक २८ अंशांच्या वर राहील. ओली त्वचा किती थंड होऊ शकेल याचा हा अंदाज आहे. म्हणून मराठवाड्यातून ठाण्याच्या साकेत मैदानावर आलेल्या उमेदवाराने, ‘आमच्याकडे याहून जास्त ऊन असते’ असे म्हणून निर्धास्त राहू नये.

शरीर नव्या हवेशी जुळवून घेते, पण त्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. या काळात रोज थोडा वेळ, हळूहळू वाढवत सराव केला, तर घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. पहिल्याच दिवशी सगळी ताकद लावणे धोक्याचे.

पाणी, मीठ आणि अन्न

जोराच्या व्यायामात तासाला १ ते २ लिटर घाम जाऊ शकतो. प्रत्येक लिटरबरोबर साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ जाते. लांबलेल्या सरावात नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून चक्कर, उलट्या, क्वचित झटकेही येतात. ताक, मीठ घातलेले लिंबू किंवा कोकम सरबत, भाताची पेज हे आपले जुने उपाय म्हणूनच योग्य आहेत.

चाचणी पहाटे असते आणि अनेक जण ती उपाशीपोटी देतात. रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा बराच घटलेला असतो. धावण्यापूर्वी तास-दीड तास एखादे केळे किंवा चिक्की खाल्लेली बरी. रोजच्या आहाराविषयी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात, की जड काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३४७० आणि ५५ किलोच्या स्त्रीला २७२० किलोकॅलरी लागतात. भाकरी, भात, उसळ, शेंगदाणे, दूध, जमल्यास अंडी एवढ्यातून हे भागते; महागड्या डब्यांतल्या पावडरींची गरज नसते.

मुलींच्या बाबतीत लोहाकडे वेगळे लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असेल, तर स्नायूंना ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि कितीही सराव केला तरी दम लवकर लागतो. तयारी सुरू करण्याआधीच तपासणी करावी. जेवणात लिंबू पिळल्याने लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी.

न वाळलेल्या घामाची दुसरी बाजू

निवड झाल्यावर प्रशिक्षण, गणवेश, बूट आणि बराकीतले सामायिक राहणे येते. जांघेत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत घाम साचतो आणि गजकर्णाच्या बुरशीला ओलावा मिळतो. उपाय साधे आहेत : सरावानंतर लगेच आंघोळ, बेचक्या कोरड्या पुसणे, सुती आतले कपडे व पायमोजे रोज बदलणे, टॉवेल कुणालाही न देणे. दुकानातून स्वतःच आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमे टाळावीत. त्यांनी लाली व खाज कमी होते, पण बुरशी पसरत राहते. डॉक्टरांनी सांगितलेले औषध डाग दिसेनासा झाला तरी ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे.

मैदानावर काय करावे?

धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर वेळ दवडू नये. रुग्णवाहिका बोलवावी, ती येईपर्यंत त्याला सावलीत न्यावे, जादा कपडे सैल करून काढावेत, अंगावर थंड पाणी ओतत राहावे व वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नये.

शाळेत दोन प्रयोग सहज होतील. एक : तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून, वारा घालून, कोरड्या तापमापकाशी आठवडाभर तुलना करा. फरक जितका कमी, तितका त्या दिवशीचा सराव हलका. दोन : खेळाच्या तासापूर्वी व नंतर, घाम पुसून, सारख्याच कपड्यांत वजन करा. घटलेला १ किलो म्हणजे गेलेले सुमारे १ लिटर पाणी. वजनात २ टक्के घट झाली तरी धावण्याचा वेग उतरू लागतो. भरतीला निघालेल्या विद्यार्थ्याला वेळेच्या वहीत आणखी दोन रकाने आखायला सांगा : वजनाचा आणि ओल्या तापमापकाचा.