मधल्या इयत्तांची शाळा कोणाची?

जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत चौथीला संपते. मग दहा वर्षांचं पोर एसटीचा पास काढून शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात जाऊ लागतं. ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचं असेल, नाहीतर एखाद्या स्थानिक मंडळाचं. संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून! या ‘अनुदानित’ प्रकारामुळे सरकारी आणि खासगी अशी सरळ वाटणी महाराष्ट्रात करताच येत नाही.

फरक पाहायचा तर मधल्या सुट्टीत जावं. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५०. वाढत्या वयाची भूक सरकारने एवढी तरी मोजली आहे. सातवीतली पोरं ताटल्या वाजवत खिचडीच्या रांगेत उभी असतात. विनाअनुदानित शाळेत मात्र घरचा डबा, नाहीतर कँटीन. मुंबई महापालिका तर आठ भाषांतून शाळा चालवते आणि दप्तर, वह्या, गणवेशही देते. तरीही चार पैसे हाती आले की पालक आधी इंग्रजी माध्यमाची पिवळी बस गाठतात.

२०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने या बसची वाट आणखी मोकळी केली. फीवर लगाम घालायला २०११ चा कायदा आहे, पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समितीही आहे. समितीत कोण बसतं, हे बहुतेकांना फी वाढल्यावरच कळतं.

धार्मिक संस्थांच्या शाळांची गोष्ट निराळी. मुंबईतलं सेंट झेवियर्स हायस्कूल १८६९ चं, अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत ते देता येतं, पण पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्या तासाला बसवता येत नाही. म्हणून अनेक कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, तेव्हा बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. (दसऱ्याचं पाटीपूजन सरकारी शाळेतही होतं, त्याला धर्मशिक्षण म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही.)

खरी दरी प्रवेशाची आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. त्या निकालाबद्दल सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने शंका व्यक्त केली आणि विषय मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तो खटला महाराष्ट्रातलाच. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, राज्य सरकारने जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत ती रद्द केली.

आणि या २५ टक्क्यांतल्या मोफत शिक्षणाचा हक्क आठवीलाच संपतो. नववीत तेच मूल, तोच वर्ग, तेच मित्र. फी मात्र पूर्ण. ऐन चौदाव्या वर्षी शाळा सुटण्याची वेळ अशी येते. तेव्हा पहिलीच्या मोफत प्रवेशासाठी धावपळ करणाऱ्या पालकांनी त्याच खिडकीवर नववीची फीही विचारून घ्यावी.