निदान व्हायचंय, पण नोकरी चालू आहे

समजा, भोसरीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा तिशीचा कामगार आहे. चार महिने झाले, दुपार कलली की अंगात कसर भरते, रात्री घामाने अंथरूण भिजतं, वजन उतरलंय. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी सगळं झालं आणि प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ आलं. डॉक्टर म्हणतात, आणखी काही तपासण्या करू. घरचे काळजीत आहेत. आणि सुपरवायझर विचारतो, ‘तुला नक्की झालंय तरी काय?’

याचं उत्तर त्याच्याकडे नाही, म्हणून तो गप्प राहतो. तो गप्प आहे तोवर हजेरीपट बोलत राहतो: उशीर, अर्धा दिवस, गैरहजर. बँकेतली क्लार्क असो, हिंजवडीतला प्रोग्रॅमर असो की शाळेतली शिक्षिका, निदान न झालेला आजार अंगावर घेऊन काम करणारे बहुतेक जण याच कोंडीत सापडतात. कोंडी खरी आहे, पण तिच्यातली बरीचशी भीती गैरसमजांतून आलेली असते. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे आजारच नाही.

वस्तुस्थिती : नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीत जे शोधलं ते सापडलं नाही. कारण न सापडलेल्या तापाची नोंद वैद्यकशास्त्र कितीतरी वर्षं करत आलं आहे. १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी त्याची व्याख्याच करून दिली: तीन आठवड्यांहून जास्त काळ टिकलेला, वारंवार ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न कळलेला ताप. आपल्याकडच्या रुग्णालयांत केसपेपरवर ‘पीयूओ’ अशी तीन अक्षरं दिसतात ती याच तापाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तर ‘आर’ या अक्षराचं अख्खं प्रकरण लक्षणांसाठी राखून ठेवलं आहे. ताप, चक्कर, शुद्ध हरपणं, थकवा यांना तिथे स्वतःचे क्रमांक आहेत. निदान नसतानाही डॉक्टर कागदावर काहीतरी ठोस लिहू शकतात ते यामुळे.

शिवाय काही आजार उशिराच ओळखू येतात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये पहाटे कंबर आखडून माणूस हैराण होतो, पण एक्स-रेवर सांध्यातला बदल उमटायला वर्षं जाऊ शकतात. एंडोमेट्रिओसिसच्या वेदना ‘पाळीत दुखतंच’ म्हणून वर्षानुवर्षं बाजूला सारल्या जातात. तेव्हा ‘टेन्शन घेऊ नकोस, सगळं मनाचं आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते निदान धरू नका. आणि डॉक्टरांनी खरोखर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तर तो अपमानही समजू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचं स्थान देतो आणि त्याबद्दलच्या गुप्ततेचा हक्कही देतो.

गैरसमज २ : निदान होईपर्यंत कामावर काहीच बोलू नये.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. आजार माहीत नसला तरी गैरहजेरी सगळ्यांना दिसते, आणि कारण कळलं नाही की माणसं आपापलं कारण जोडतात: आळस, दारू, दुसरीकडे मुलाखती. कारखान्यांना लागू होणाऱ्या नमुना स्थायी आदेशांत विनारजा सलग दहा दिवसांहून जास्त गैरहजेरी आणि वारंवार विनारजा गैरहजेरी या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं गैरवर्तनाच्या यादीत आहेत. एकदा गैरवर्तनाची नोटीस हातात पडली, की ‘साहेब, मी आजारी होतो’ हे वाक्य सबबीसारखं ऐकू येतं. तेच वाक्य दोन महिने आधी लेखी दिलेलं असेल, तर तो पुरावा ठरतो.

कार्यालयात काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि कामाच्या दिवसांवर मिळणारी अर्जित रजा आहे, पण आजारपणाची वेगळी रजा नाही. ती कंपनीच्या धोरणात असेल तरच मिळते. तपासण्यांच्या फेऱ्यांत या रजा बघता बघता संपतात. म्हणून रजा शिल्लक असतानाच बोलावं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची स्थिती थोडी बरी आहे: वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा साठत जाते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते. मात्र तेव्हा एका दिवसाला दोन दिवस खर्ची पडतात.

गैरसमज ३ : सांगायचं म्हणजे सगळी फाईल पुढे ठेवायची.

वस्तुस्थिती : खाजगी नोकरीत चालू असलेल्या प्रत्येक आजाराचा तपशील वरिष्ठाला दिलाच पाहिजे, असा सरसकट कायदा नाही. वरिष्ठाला आजाराच्या नावाने काही करता येत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: कामावर काय परिणाम होतोय, अंदाजे किती दिवस, आणि तुम्हाला काय बदल हवा आहे. या तिन्हींची उत्तरं निदानाआधीही देता येतात.

सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट वरिष्ठाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तो ते वाचायला शिकलेला नाही, आणि एकदा गेलेला फोटो पुढे कुणाकुणाकडे जाईल ते सांगता येत नाही. त्याऐवजी डॉक्टरांकडून दोन-चार ओळींचं प्रमाणपत्र घ्या: अमुक तारखेपासून उपचाराखाली आहेत, तपासण्या सुरू आहेत, तूर्त रात्रपाळी किंवा वजन उचलणं टाळावं, पुढची तपासणी अमुक दिवशी. ते वरिष्ठापेक्षा एचआरकडे किंवा कारखान्याच्या डॉक्टरकडे देणं केव्हाही चांगलं. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टर रुग्णाचं गुपित जपायला बांधील आहेत, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्याच्या उपचारांच्या नोंदी द्यायलाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय इतिहास यांची गणना ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’त केली आहे. एचआरला याची नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

गैरसमज ४ : माझी तब्येत ही माझी खाजगी बाब, त्यामुळे कधीच सांगायला नको.

वस्तुस्थिती : हे वरच्या गैरसमजाचं दुसरं टोक. आजाराचं नाव खाजगी राहू शकतं, पण धोका राहू शकत नाही. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी भरायच्या नमुना १ मधल्या स्वयंघोषणेत विचारलेलं असतं: तुम्हाला अपस्माराचा त्रास आहे का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे वा चक्कर येण्याचे झटके येतात का? ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांत निदान न झालेली चक्करही आली. बस, ट्रक, क्रेन, प्रेस मशीन, उंचीवरचं काम, उच्च दाबाची वीज अशा ठिकाणी डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी सांगायला हवं. १९४८ च्या कारखाने कायद्यातही स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असं जाणूनबुजून न वागण्याची जबाबदारी कामगारावर टाकलेली होती.

सततचा खोकला असेल आणि डॉक्टरांना फुफ्फुसाच्या क्षयाची शंका असेल, तर ‘मी कामावर जाऊ का?’ हे त्यांना स्पष्ट विचारा. तसंच नोकरीला लागताना किंवा वार्षिक तपासणीत फॉर्मवर थेट प्रश्न असेल, तर खोटं उत्तर लिहू नका. पुढे आजारापेक्षा ते खोटं उत्तरच जड जातं.

गैरसमज ५ : ईएसआयचे पैसे मोठ्या, नाव असलेल्या आजारालाच मिळतात.

वस्तुस्थिती : ईएसआय कायद्याने आजारपणाची केलेली व्याख्या वाचण्यासारखी आहे. ज्या अवस्थेला उपचार आणि वैद्यकीय देखरेख लागते आणि ज्यामुळे वैद्यकीय कारणाने कामापासून दूर राहावं लागतं, ती अवस्था म्हणजे आजारपण. यात रोगाच्या नावाचा उल्लेखच नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराची सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर प्रमाणित आजारपणात त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते.

नाव लागतं ते पुढच्या टप्प्यावर. विस्तारित आजारपण लाभ ८० टक्क्यांचा असतो आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण तो ३४ दीर्घकालीन आजारांच्या यादीला जोडलेला आहे. म्हणून ईएसआय रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयाकडे पाठवण्याची चिठ्ठी लवकर मागून घ्या.

कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबून असाल, तर एक अट तपासा. फक्त तपासण्यांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च वगळण्याचं प्रमाणित कलम आरोग्य विमा पॉलिसींत असतं. निदानाच्या शोधात असलेल्या माणसाचा खिसा नेमका तिथेच रिकामा होतो, त्यामुळे दाखल होण्यापूर्वीच विमा कंपनीला विचारून घ्यावं.

गैरसमज ६ : ‘सांगितलं की काढतातच’ किंवा ‘सांगितलं की कुणी काढूच शकत नाही’.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची आहेत. आजारपणाचा लाभ सुरू असलेल्या काळात कामगाराला बडतर्फ करण्यापासून किंवा शिक्षा करण्यापासून ईएसआय कायद्याने मालकाला रोखलं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एचआयव्हीबाधित कामगाराच्या खटल्यात सांगितलं, की माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ आजाराच्या कारणाने त्याचा रोजगार हिरावता येत नाही. मोजायची असते ती कामाची क्षमता, आणि निदान न झालेल्या माणसालाही याच तत्त्वाचा आधार घेता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेतून काढायला मनाई केली आहे.

पण मर्यादाही माहीत असाव्यात. त्या कायद्याचा पूर्ण लाभ घ्यायला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि निदानाशिवाय ते मिळणं अवघड असतं. प्रोबेशनवर किंवा कंत्राटावर असलेल्याचं संरक्षण तोकडं असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याने जुने कायदे त्यांच्या चौकटीत आले आहेत. तेव्हा कलमाचा आकडा अर्जात लिहिण्यापूर्वी युनियनला, ईएसआयच्या शाखा कार्यालयाला किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा.

मग सांगायचं कसं?

आधी तोंडी सांगा आणि त्याच दिवशी लेखी द्या. अर्ज असा असू शकतो:

‘गेल्या चार महिन्यांपासून मला वारंवार ताप व थकवा येत असून तपासण्या सुरू आहेत. निदान अद्याप झालेले नाही. दुपारनंतर ताप येत असल्याने दुसऱ्या व तिसऱ्या पाळीत काम करणे कठीण जाते. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार पुढील सहा आठवडे पहिली पाळी मिळावी व दर मंगळवारी तपासणीसाठी अर्धा दिवस सवलत मिळावी, ही विनंती. पुढील तपासणीनंतर स्थिती कळवीन. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’

यात रोगाचं नाव नाही, गयावया नाही, न पाळता येणारं वचनही नाही. मुदत मात्र आहे, आणि मुदत असली की वरिष्ठाला ‘हो’ म्हणणं सोपं जातं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या किंवा ईमेल करा. सहा आठवड्यांनी निदान झालं नसलं, तरी ठरल्याप्रमाणे कळवा. विश्वास त्या कळवण्यातून बसतो.

वरिष्ठांनाही एक विनंती. तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला ‘नक्की झालंय काय?’ हे दहा जणांनी विचारून झालेलं असतं आणि ते त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं. त्याऐवजी ‘कोणतं काम जड जातंय?’ असं विचारा. भोसरीतला तो कामगार या प्रश्नाचं उत्तर आजच देऊ शकतो.