नळदुर्गची माणसं कोण? – ‘आमच्या गावातील थोर व्यक्ती’ या निबंधाविषयी

‘आमच्या गावातील थोर व्यक्ती’ हा विषय निबंधाच्या यादीत असतो, प्रकल्पाच्या यादीत असतो आणि तोंडी परीक्षेतही विचारला जातो. पुण्या-सोलापुरातल्या मुलाला तो सोपा जातो. चौकातला पुतळा पाहिला की अर्धा निबंध झाला. पण नळदुर्गसारख्या तालुक्याचंही ठिकाण नसलेल्या गावातल्या मुलाने काय लिहायचं? मुलं साधारण दोनच उत्तरं देतात. एक, ‘नळ राजा’. दुसरं, ‘आपल्या गावात कोण मोठं झालंय?’ पहिलं उत्तर दंतकथेतलं आहे. दुसरं मात्र काळजीचं आहे, कारण त्याच्या पोटात एक वाक्य दडलेलं असतं : मोठं व्हायचं तर इथून जावं लागतं.

म्हणून हा पाठ थोडा नीट मांडायला हवा. त्याची सुरुवात ‘गावचा माणूस’ या शब्दापासून करायची. गावचा म्हणजे कोण? इथे जन्मलेला? इथे नोकरीला आलेला? इथे काही बांधून गेलेला? की इथे मेलेला?

हा प्रश्न नळदुर्गच्या मुलांना समजावून सांगायला फार सोपं उदाहरण आहे, आणि ते देवाचं आहे. आपला खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती एकच, गावं दोन. मूर्ती नेताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो, तेव्हाच देव हलतो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते. आता खंडोबा अणदूरचा की नळदुर्गचा, असं वर्गात विचारून बघा. मुलं भांडतील, मग कुणीतरी म्हणेलच, ‘सर, दोन्हीकडचा!’ झालं. माणसांच्या बाबतीतही असंच असू शकतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, नळदुर्ग हे कसलं गाव आहे ते मुलांना सांगायला हवं. हे किल्ल्याचं गाव. किल्ल्याच्या गावात माणूस नेमणुकीवर येतो. किल्लेदार येतो, शिपाई येतो, बांधकामाचा जाणकार येतो, काम करतो, बदली होऊन जातो. बहमनी गेले, आदिलशाही आली, मोगल आले, निजाम आला. प्रत्येकाने आपापली माणसं पाठवली. एके काळी अख्ख्या जिल्ह्यालाच नळदुर्ग जिल्हा म्हणत. नंतर मुख्यालय धाराशिवला गेलं, रेल्वे सोलापूरवरून निघून गेली, आणि नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावरचं एक बसस्थानक होऊन राहिलं. अशा गावाच्या इतिहासातली मोठी नावं बहुतेक बाहेरून आलेल्यांचीच असणार. त्यात कमीपणा काही नाही, ते गावाच्या घडणीतच आहे.

आता एकेक माणूस घेऊ.

किल्ल्यात गेलं की मुलं पहिल्यांदा पाणीमहालाकडे पळतात. बोरी नदीवर आडवी घातलेली ती भिंत मुख्य किल्ल्याला रणमंडळाशी जोडते. म्हणजे एकाच बांधकामाने तीन कामं केली : पाणी अडवलं, खंदकासारखा बचाव केला आणि दोन टेकड्यांमध्ये वाट दिली. पावसाळ्यात बंधारा भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं आणि भिंतीच्या पोटातल्या महालात उभं राहिलेला माणूस मात्र कोरडा. पर्यटक इथे फोटो काढतात आणि जातात. पण तिथे एक फारसी शिलालेख आहे. त्यावरून कळतं की हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये झालं आणि ते मीर महंमद इमादिन याने केलं.

सुलतानाचं नाव पाठ्यपुस्तकात येऊ शकतं. संगीताचा मोठा शौकीन, ‘किताब-ए-नौरस’ लिहिणारा, १५८० ते १६२७ राज्य केलेला राजा तो. पण माझ्या मते वर्गात फळ्यावर आधी इमादिनचं नाव लिहावं. सुलतान विजापुरात बसलेला होता. नदीचा जोर किती, भिंत किती जाड ठेवायची, महालात पाणी झिरपू नये म्हणून काय करायचं आणि जादा पाण्याला वाट कुठून द्यायची, हे सगळं ज्याने ठरवलं त्याला आज आपण इंजिनिअर म्हणतो. चारशे वर्षांनंतरही पाणी त्याने दाखवलेल्या वाटेनेच पडतं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ‘पाण्याचा दाब’ हा घटक शिकवताना हे उदाहरण घ्यायला काहीच हरकत नाही. धरणाची भिंत तळाशी जाड का असते, हे आपल्या गावातच दाखवता येतं.

दुसरा माणूस इंग्रज आहे, आणि त्याच्याविषयी जरा सावकाश सांगावं लागेल. फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८, लिव्हरपूल. आपल्याकडे आठवी-नववीत असतात त्या वयाचा हा मुलगा मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी करायला आला. व्यापाऱ्याचं दिवाळं निघायची वेळ आलेली. मग १८२४ मध्ये तो निजामाच्या फौजेत शिरला आणि सारं आयुष्य बहुतेक निजामाच्याच मुलखात गेलं. शिक्षण अर्धवट राहिलेलं. भाषा, मोजणी, बांधकाम, कायदा हे सगळं तो कामावर असतानाच शिकला. ज्या पालकांना वाटतं की दहावीचे मार्क गेले म्हणजे सगळं गेलं, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

१८३९ मध्ये त्याची ठगांवरची कादंबरी लंडनमध्ये छापली गेली आणि तो एकदम प्रसिद्ध झाला. पण नळदुर्गशी त्याचा खरा संबंध आला तो १८५३ मध्ये. निजामाच्या डोक्यावर इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचं कर्ज चढलेलं होतं. त्याच्या वसुलीसाठी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा हा पश्चिम भाग कंपनीने तहाने आपल्या कारभाराखाली घेतला. नळदुर्ग जिल्हा टेलरकडे आला. महसूल, न्याय, पोलीस, रस्ते, सगळं एकाच माणसाच्या टेबलावर. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं, तोपर्यंत त्याचा कारभार इथूनच चालला. पुढे १८६० च्या तहाने नळदुर्ग परत निजामाकडे गेलं.

निवृत्तीनंतर त्याने १८६३ मध्ये ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली. ती शिवकाळातली आहे, अफझलखानाच्या स्वारीच्या दिवसांतली, आणि तिची नायिका कुठली? तुळजापूरची. देवीच्या देवळातल्या एका शास्त्र्याची मुलगी. आपल्या तालुक्यातली मुलगी लंडनच्या वाचकांसमोर नायिका म्हणून उभी राहिली, तेव्हा मराठी कादंबरी नुकती कुठे सुरू होत होती. त्याने आत्मचरित्रही लिहिलं. तो १८७६ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने ते पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात नळदुर्गच्या किल्ल्याचं आणि बंधाऱ्याचं वर्णन आहे.

इथे एक सावधगिरी. मुलं चटकन दोन टोकांना जातात : ‘चांगला साहेब’ नाहीतर ‘गोरा शत्रू’. टेलर कष्टाळू होता, रयतेशी त्याची भाषा जुळत होती, हे खरं. तो परक्या सत्तेचा अधिकारी होता, हेही तितकंच खरं. सुरपूरच्या ज्या लहान राजाला त्याने सांभाळून वाढवलं आणि जो त्याला ‘अप्पा’ म्हणत असे, त्याच राजाने १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. राजा पकडला गेला आणि गोळी लागून मेला. बाप म्हणून टेलरला काय वाटलं असेल आणि अधिकारी म्हणून त्याने काय केलं, यावर नववी-दहावीची मुलं तासभर बोलू शकतात. बोलू द्यावं. उत्तर आपण देऊ नये.

तिसरा माणूस नळदुर्गला काही तासांसाठीच आला.

१३ सप्टेंबर १९४८. भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलं आणि वाटेवरचं पहिलं मोठं ठाणं नळदुर्ग. बोरीवरचा पूल शाबूत हातात येणं गरजेचं होतं, नाहीतर रणगाडे आणि गाड्या नदीअलीकडेच अडकल्या असत्या. ही जबाबदारी ज्या तुकड्यांवर होती त्यांत दुसरी शीख पलटण होती, आणि तिच्यात हवालदार बचित्तर सिंग होते. गाव लोपों, पंजाब. पहाटे नळदुर्गच्या दिशेने वेगाने जाणाऱ्या दोन गाड्या त्यांना दिसल्या. त्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला, चकमक झाली, गाड्या आणि त्यांतली माणसं ताब्यात आली. पुढे एका पक्क्या मोर्च्यातून जोरदार मारा सुरू झाला. बचित्तर सिंग आपल्या तुकडीला घेऊन पुढे सरकले. मोर्चा तीसेक यार्डांवर असताना मशीनगनची गोळी मांडीत लागली. ते खाली पडले, तसेच सरपटत पुढे गेले आणि दोन हातबाँब फेकून तो मोर्चा गप्प केला. त्यांना मागे न्यायला लागले तर ते नाही म्हणाले. पडल्या जागेवरून जवानांना धीर देत राहिले. त्या लढाईतच त्यांना वीरमरण आलं.

१९५२ मध्ये अशोक चक्र हे पदक सुरू झालं. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत बचित्तर सिंग यांचं नाव आहे. त्याच दिवशी, याच मोहिमेत, तुंगभद्रेच्या पुलाजवळ लढलेले गोरखा पलटणीचे नाईक नरबहादूर थापा हेही त्यांत आहेत.

मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत १७ सप्टेंबरला झेंडा फडकतो. मुलं रझाकारांची नावं ऐकतात, स्वामी रामानंद तीर्थांचं भाषण पाठ करतात. पण १३ सप्टेंबर ही खास नळदुर्गची तारीख आहे. एका पंजाबी माणसाने आपला जीव या मातीत ठेवला, तर त्याला गावचा म्हणायचं की नाही? माझं मत विचाराल तर म्हणावं. शाळेला जमत असेल तर लोपोंच्या शाळेला हिंदीत एक पत्र लिहावं. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच. काल्पनिक मित्राला सहलीचं वर्णन कळवण्यापेक्षा हे पत्र मुलं मन लावून लिहितील.

स्वामीजींचा उल्लेख आलाच आहे तर जाता जाता : ते जन्माने विजापूरकडचे, सिंदगीचे, मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. पण घडले आपल्या जिल्ह्यात. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते. अख्ख्या मुक्तिसंग्रामाचा नेता एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होता, हे शिक्षकदिनी सांगण्यासारखं आहे.

आता अणदूर. सहा-सात किलोमीटरवरचं गाव, खंडोबामुळे अर्धं आपलंच. इथली दोन नावं मुलांच्या घरच्यांना माहीत असतात, म्हणून ती निबंधात येत नाहीत. फार जवळचं मोठं वाटत नाही ना! सि. ना. आलुरे गुरुजी मुख्याध्यापक होते, तुळजापूरचे आमदार झाले आणि तरीही मरेपर्यंत लोकांच्या तोंडी ‘गुरुजी’च राहिले. आमदारकी गेल्यावर माजी आमदार म्हणतात, गुरुजींना कुणी माजी गुरुजी म्हटलं नाही.

दुसरं नाव डॉ. शशिकांत अहंकारी. त्यांनी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी शहरात दवाखाना न थाटता अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं. त्यातली ‘भारतवैद्य’ ही कल्पना मुलांना जरूर समजावून द्यावी. गावातलीच, बेताची शिकलेली बाई निवडायची, तिला ताप, जुलाब, जखम, गरोदरपण यांविषयी पक्कं शिकवायचं आणि तिने आपल्याच गावात पहिला उपचार करायचा. काय आपल्याला जमतं आणि कधी पेशंटला दवाखान्यात पाठवायचं, हे तिला कळलं पाहिजे. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आजी किंवा मामी भारतवैद्य असू शकते. तिची मुलाखत हा प्रकल्प झाला की!

तालुक्यात आणि जिल्ह्यात अजून नजर टाकली तर तुळजापूरचे देविदास सौदागर दिसतात. शिवणकाम करत करत त्यांनी ‘उसवण’ ही शिंप्याच्याच जगण्यावरची कादंबरी लिहिली आणि २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळवला. धाराशिवची सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला मैदान आणि दोन खांब लागतात, बाकी काही नाही.

एक सूचना तेवढी कडकपणे सांगते. मोबाईलवर शोधलेल्या याद्यांवरून मुलं नावं उतरवून आणतात. त्यांत कुणाचंही गाव काहीही दिलेलं असतं. वहीत नावासमोर चार रकाने आखायला लावा : जन्म कुठे, काम कुठे, नळदुर्गशी संबंध कोणता, आणि हे कुणी सांगितलं किंवा कुठे लिहिलं आहे. चौथा रकाना रिकामा राहिला तर नाव पेन्सिलनेच लिहायचं. शाईने नाही.

आणि ज्यांना ‘जन्माने नळदुर्गचेच’ पाहिजेत त्यांच्यासाठी शाळेतच एक जागा आहे : जुनं जनरल रजिस्टर. जन्मठिकाण, पालकाचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, सगळं त्यात ओळीने असतं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, खाजगी माहिती बाजूला ठेवून, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची फक्त धंदा आणि कारण ही दोन पानं मुलांना वाचून दाखवा. ‘मजुरी’, ‘विणकर’, ‘कारण – स्थलांतर’. पाणीमहालाचे दगड वाहणाऱ्यांची नावं शिलालेखात नाहीत, त्यांच्या नातवंड-पतवंडांची कदाचित इथे असतील. शाळा जुनी असेल आणि निजामाच्या काळातलं रजिस्टर सापडलंच, तर ते उर्दूत असण्याची शक्यता आहे, कारण तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चाले. ते आपल्याला वाचता येणार नाही. पण नळदुर्गमध्ये उर्दू वाचणारी वडीलधारी माणसं गल्लोगल्ली आहेत. दोन मुलांना एका आजोबांकडे संध्याकाळी पाठवा, सोबत एक कोरी वही द्या.