कष्ट झाले, व्यायाम राहिला
(गावाचं आरोग्य : लेखांक सहावा)

मागच्या आठवड्यात आपण गावाकडच्या ताटाबद्दल बोललो. ताटात काय येतं याइतकंच खाल्लेलं जिरवायला अंग किती हलतं हेही महत्त्वाचं, म्हणून हा लेख त्यावर.

‘शेतात राबणाऱ्या माणसाला वर व्यायाम कसला सांगता?’ हा प्रश्न गावात कुठेही बोलायला उभं राहिलं की येतो, आणि तो रास्त आहे. खुरपणीला गेलेली बाई पाहा. उजव्या हातात खुरपं, डाव्या हातात गवताचा बुडखा. मुळाशी खुरपं घालायचं, गवत उपटायचं, माती झटकून बाजूला टाकायचं आणि न उठता, उकिडव्यानंच पाऊलभर पुढे सरकायचं. पात धरली की ती संपेपर्यंत पाठ सरळ होत नाही. दुपारी भाकरीपुरती सावली, मग परत तेच. घरी आल्यावर धार, सरपण, चूल, भांडी. ‘कंबरडं मोडलंय, आता आणि काय करू?’ असं ती म्हणते तेव्हा तिला उपदेश नको, उत्तर हवं.

उत्तर असं आहे की तिने कष्ट केले, पण शरीराला लागणारा व्यायाम त्यात पुरेसा झाला नाही. व्यायामात काही वेळ दम लागतो, हृदय जोराने चालतं, मग विश्रांती मिळते आणि त्या विश्रांतीत स्नायू सावरतात, बळकट होतात. खुरपणीत दम फारसा लागत नाही, गुडघे आणि कंबर मात्र तासन्तास एकाच जागी दाबली जातात. विसावा कधी घ्यायचा हे तिच्या हातात नसतं. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर मातांचा मोठा अभ्यास झाला. त्यातला 2003 साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष आपल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवा. गरोदरपणात जास्त अंगमेहनतीची कामं करणाऱ्या बायकांची बाळं जन्मताना लहान भरत होती. तेव्हा कष्टालाच व्यायाम म्हणणं ही या बायकांची क्रूर फसवणूक आहे.

आता त्याच घरातली बाकीची माणसं पाहा. चारशे पावलांवरच्या वस्तीवर जायला मुलगा मोटारसायकलला किक मारतो. नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, फवारणी पाठीवरच्या बॅटरीच्या पंपाने. ही यंत्रं आली ते चांगलंच झालं. दारात नळ आला आणि बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला, याचं दुःख कुणी करू नये. पण वाचलेला वेळ आणि वाचलेलं बळ गेलं कुठे? पोरगं शाळेतून आलं की मोबाइल घेऊन कॉटवर आडवं होतं. ज्वारी घरात आली की पुढचे दोन-तीन महिने बापाची बैठक पारावर. आजोबा गुडघे दुखतात म्हणून ओसरीवरून उठत नाहीत, आणि उठत नाहीत म्हणून गुडघे आणखी आखडतात. एका उंबऱ्याच्या आत एकीच्या वाट्याला नको इतकी मेहनत आणि तिघांच्या वाट्याला जवळपास काहीच नाही. म्हणून ‘गावकऱ्यांनो, व्यायाम करा’ असं सरसकट सांगून भागत नाही. विचार घराचा करायला लागतो.

याचे परिणाम दिसू लागले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. मधुमेह शहरात सुमारे 16 टक्के, तर गावात सुमारे 9 टक्के. एवढं वाचून गावाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. मधुमेहाच्या आधीची पायरी, म्हणजे साखर वाढू लागलेली पण अजून मधुमेह न झालेली माणसं, गावात आणि शहरात जवळपास सारखीच, 15 टक्क्यांच्या आसपास आहेत. या पायरीवरून माणूस मागे फिरू शकतो, आणि मागे फिरायला चालणं-धावणं फार उपयोगी पडतं.

किती हालचाल हवी? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास. पासष्टी गाठलेल्यांनी यासोबत तोल सांभाळण्याचा सराव करावा, म्हणजे पडणं टळतं. मध्यम म्हणजे काय, तर चालताना बोलता येतं पण गाता येत नाही. वारीत माणसं गात चालतात, तो वेग यापेक्षा कमी असतो, पण तिथे पल्लाच मोठा असतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. आणि ती वाट नवरा-बायको, सासू-सून एकत्र चालतात, हे आपल्या कामाचं आहे.

गावाला व्यायाम परका नाहीच. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, ते गावच्या मातीत घडलेले मल्ल. पण तालमीचं दार पुरुषांसाठी उघडलं, बायकांसाठी नाही. त्यांच्यासाठी पंचमी आणि गौरीचे चार दिवस. फुगडीत दोघी चवड्याला चवडा भिडवतात, हातांची फुली करून घट्ट धरतात, अंग मागे झोकतात आणि गरगर फिरतात. पोटऱ्या, मांड्या, दंड, तोल सगळं एकाच वेळी कामाला लागतं आणि मिनिटाभरात धाप लागते. खुरपणीने वाकलेल्या पाठीला तर हे मागे झोकणं हवंच असतं. असा खेळ वर्षातून चारच दिवस खेळायचा, हे मला अजिबात पटत नाही. झिम्मा, फुगडी, लेझीम, पोरांबरोबर लगोरी आणि सुरपाट्या हे खेळ आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळले तरी पुष्कळ साधेल. मात्र गरोदर बाईने फुगडी टाळावी, चालणं ठेवावं. तिशी ओलांडलेल्यांनी आधी आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी तिथे मोफत होते.

खरी अडचण वेळेची आणि जागेची आहे. बाईचा अर्धा तास आभाळातून पडणार नाही, तो घरातूनच निघायला हवा. संध्याकाळची धार नवऱ्याने काढली, भांडी पोराने घासली, तर तिची पाठ मोकळी होते आणि त्या दोघांचं अंगही हलतं. जागा म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान बहुतेक गावांत आहे, पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप. रस्त्याच्या कडेने चालावं तर उसाच्या ट्रॉल्या आणि अंधार. मुली-बायकांना संध्याकाळी बाहेर पडायचा धीर यायला तिथे उजेड हवा, आणि चार घरची माणसं बरोबर हवीत.

हे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. पंचायतीच्या वार्षिक आराखड्यात ‘आरोग्यदायी गाव’ हा विषय आहेच. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. बचत गटातल्या बायांनो, पुढच्या महिला सभेत हा एक ठराव मांडाच: शाळेचं मैदान संध्याकाळी दोन तास गावासाठी उघडं राहील, तिथे दोन दिवे लागतील आणि किल्ली कुणाकडे असेल ते नावानिशी लिहिलं जाईल. ठराव इतिवृत्तात नोंदवला गेला का, हे सही करण्याआधी वाचून घ्या.