एक नाव, अनेक लाकडे : महोगनीचा प्रकार आणि ड्रमचा नाद

देशाच्या अनेक भागांत शेताच्या बांधावर किंवा सलग क्षेत्रावर महोगनीची लागवड होत आहे. रोपे विकताना फर्निचर आणि नौकाबांधणीबरोबरच वाद्यनिर्मितीतील मागणीचाही उल्लेख आवर्जून केला जातो. वाद्यनिर्मितीत महोगनीला मान आहे, हे खरे. मात्र ‘महोगनी’ या एकाच नावाखाली बाजारात भिन्न प्रजातींची, इतकेच नव्हे तर भिन्न कुळांतील लाकडे विकली जातात. त्यांच्यातील फरक ड्रम या वाद्याच्या उदाहरणातून चांगला समजतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या ओळखीने लावलेले झाड दीर्घकाळ जमीन अडवून ठेवते.

महोगनी म्हणजे नेमके कोणते झाड?

काटेकोर अर्थाने महोगनी म्हणजे स्विटेनिया प्रजातीसमूहातील झाडे. त्यांतील स्विटेनिया महागोनी ही लहान पानांची महोगनी कॅरिबियन बेटांवरील, तर स्विटेनिया मॅक्रोफिला ही मोठ्या पानांची महोगनी मेक्सिकोपासून ॲमेझॉन खोऱ्यापर्यंतच्या प्रदेशातील आहे. आफ्रिकन महोगनी म्हणजे खाया हा वेगळा प्रजातीसमूह होय. स्विटेनिया, खाया आणि आपल्याकडील तून ही सर्व झाडे कडुनिंबाच्या कुळातील आहेत.

‘फिलिपाइन महोगनी’ किंवा लुआन या नावाने विकले जाणारे लाकूड मात्र या कुळातील नाही. ते प्रामुख्याने शोरिया प्रजातीसमूहातील आणि त्याच्या जवळच्या झाडांचे असते. मध्य भारतातील साल वृक्ष याच शोरिया समूहात मोडतो. म्हणजेच लुआनचे नाते महोगनीपेक्षा सालाशी अधिक जवळचे आहे. लालसर रंगामुळे आणि व्यापाराच्या सोयीसाठी त्याला महोगनी हे नाव मिळाले.

शेलचे कार्य

ड्रमच्या लाकडी नळकांड्याला शेल म्हणतात. तबल्याच्या बाबतीत या भागाला खोड हा शब्द आहे. मृदंगमसाठी फणसाचे किंवा तबल्याच्या दायासाठी शिसवीचे भरीव लाकूड कोरले जाते. आधुनिक ड्रमची शेल बहुधा व्हेनिअरचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवून, साच्यात दाब देऊन तयार करतात.

ड्रममध्ये मुख्य ध्वनी पडदा आणि आतील हवा यांच्या कंपनातून निर्माण होतो. शेल पडद्याला आधार देते आणि कंपनाच्या ऊर्जेचा काही भाग स्वतः शोषून घेते. जड व ताठ शेल कमी ऊर्जा शोषते, त्यामुळे पडद्याचे उच्च स्वर अधिक स्पष्ट राहतात. तुलनेने हलकी, मऊ शेल उच्च स्वर लवकर शमवते व खालचा स्वर ठळक ऐकू येतो. महोगनीच्या ड्रमचा नाद ‘ऊबदार’, ‘खोल’ अथवा ‘गोल’ असल्याचे वादक सांगतात, तो याच अर्थाने.

आकडे काय सांगतात?

मोठ्या पानांच्या महोगनीच्या वाळलेल्या लाकडाची सरासरी घनता सुमारे ५९० किलो प्रति घनमीटर असते. खायाची घनता सुमारे ६४०, तर ड्रमसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेपलची सुमारे ७०५ असते. लुआन व मेरांटी गटात प्रकारानुसार ती सुमारे ४८० ते ६७५ इतकी बदलते. त्यामुळे केवळ ‘फिलिपाइन महोगनी’ या नावावरून शेलचे वजन किंवा ताठपणा सांगता येत नाही.

लाकडातून ध्वनी किती वेगाने जातो हे ताठपणा आणि घनता यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. सरासरी मूल्ये घेतल्यास तंतूंच्या दिशेने हा वेग महोगनीत सेकंदाला सुमारे ४,१३० मीटर व मेपलमध्ये ४,२३० मीटर येतो. हा फरक दोन-तीन टक्क्यांचाच आहे. यावरून नादातील फरक केवळ लाकडाच्या प्रकारामुळे पडत नाही, हे ध्यानात येते. शेलची जाडी, थरांची रचना, पडद्याचा ताण आणि पडदा जिथे टेकतो त्या कडेचा आकार यांचा वाटा मोठा असतो.

शिकागोच्या लुडविग आणि स्लिंगरलँड या कंपन्यांच्या विसाव्या शतकाच्या मध्यातील अनेक ड्रमांत महोगनी व पॉप्लर यांच्या थरांची पातळ शेल आणि आतून मेपलची आधारपट्टी असे. त्यांच्या कडाही बहुधा गोलसर असत. त्या ड्रमांच्या प्रसिद्ध ऊबदार नादाचे श्रेय महोगनीइतकेच या रचनेलाही जाते. याउलट, १९६० च्या दशकात जपानमधून निर्यात झालेल्या अनेक स्वस्त ड्रमांची शेल लुआनची होती. नावात महोगनी असूनही बांधणी हलकी असल्याने त्यांना तो दर्जा लाभला नाही.

महोगनीचा खरा गुण तिच्या स्थैर्यात आहे. वाळताना मोठ्या पानांची महोगनी त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.९ टक्के आणि वलयांच्या दिशेने ४.३ टक्के आकसते. मेपलमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ४.८ आणि ९.९ टक्के आहे. हवेतील आर्द्रता बदलली तरी महोगनी कमी वाकते, म्हणूनच वाद्यकारागीर तिला पसंत करतात. खायाचे आकसणे या दोहोंच्या मधले असते. शिवाय तिचे तंतू अनेकदा एकमेकांत गुंतलेले असल्याने रंधा मारताना पृष्ठभाग उचकटतो.

प्रजाती कशी ओळखावी?

विस्तार कार्यकर्त्यांना पुढील लक्षणे उपयोगी पडतील.

• स्विटेनियाचे फळ लांबट, कठीण व बहुधा पाच फाकांत उकलणारे असते. बीला एकाच बाजूस लांब पंख असतो.
• खायाचे फळ गोल असते. बी चपटे असून त्याच्या सभोवती पातळ पंखाची कडा असते.
• तूनचे फळ लहान असते. बीच्या दोन्ही टोकांना पंख असतात.
• स्विटेनियाच्या कापलेल्या टोकावर वाढीच्या सीमेवरील फिकट रेषा भिंगातून दिसतात. खायात त्या सहसा आढळत नाहीत.
• लुआनच्या टोकावर पांढऱ्या राळेने भरलेल्या नलिकांच्या ओळी दिसतात. या नलिका स्विटेनियात नसतात.

शंका असल्यास डेहराडूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळूरची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था यांच्याकडून लाकडाची ओळख पटवून घ्यावी.

लागवडीचा निर्णय घेताना

व्हेनिअरसाठी सरळ, गोल आणि गाठी नसलेला बुंधा लागतो. महोगनीत याला सर्वांत मोठा धोका शेंडा पोखरणाऱ्या अळीचा असतो. तिने मुख्य शेंडा मारला की झाडाला फाटे फुटतात आणि बुंध्याची उपयुक्त लांबी घटते. सलग महोगनीऐवजी मिश्र लागवड करणे, लहान वयात बाजूने सावली मिळेल अशी सोबतची झाडे लावणे आणि प्रादुर्भावानंतर एकच सशक्त फुटवा राखून बाकीचे छाटणे, या उपायांनी नुकसान मर्यादित ठेवता येते.

कोवळ्या झाडात फिकट रसकाष्ठाचा वाटा जास्त व पक्व गाभ्याचा कमी असतो. असे लाकूड सामान्यतः हलके आणि कमी ताठ असते. त्यामुळे अल्पावधीत तोडलेल्या झाडाला जुन्या जंगली महोगनीचा भाव गृहीत धरून हिशेब मांडू नये. वाद्यांसाठी लागणारे लाकूड एकूण लाकूडबाजाराचा लहान भाग आहे. लागवडीचे गणित त्यावर नव्हे, तर स्थानिक लाकूड व प्लायवूड बाजारावर आधारलेले असावे.

आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रजातीचे नाव कागदोपत्री अचूक असणे बंधनकारक आहे. मोठ्या पानांच्या महोगनीची लॅटिन अमेरिकेतील नैसर्गिक कक्षेतील झाडे २००३ पासून, तर खायाची आफ्रिकेतील झाडे २०२३ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. भारतातील लागवडीची मोठ्या पानांची महोगनी या नोंदीत येत नाही. तरीही निर्यात करताना लाकडाचा उगम सिद्ध करावा लागतो. म्हणून रोपे घेताना पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे, बियाण्याचा उगम विचारावा आणि ही कागदपत्रे तोडणीपर्यंत जपावीत. खरेदीच्या हमीचा करार असल्यास त्यात प्रजाती, किमान घेर आणि भाव ठरवण्याची पद्धत स्पष्ट नमूद असावी. तोड व वाहतुकीचे नियम राज्यागणिक वेगळे असल्याने स्थानिक वनविभागाकडे आधी चौकशी करावी.